दुसरी फोडणी

१७ सप्टेंबर १९६४, गुरुवार

नाही म्हणाल्या! सरळ, तोंडावर — नाही!

सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. "तुमची जागा कायम करायचं ठरतंय. एक ऑक्टोबरपर्यंत लेखी होकार आणून द्या. पण एक सांगते — घरची अडचण, सासूबाईंची अडचण, असलं पुढे ऐकायची नाही." दीड वर्ष हंगामी म्हणून राबले. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते माझे.

ह्यांचा बेत तर आधीच तयार होता. गणपती उरकून पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावाहून परवा महाडला परतलो, ते सासूबाईंना कायमचं घेऊनच. गेल्या दिवाळीत त्यांना मोठा ताप आला होता. वीस दिवस अंथरुणात. तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायचं नाही असं ह्यांच्या मनात होतं. म्हणजे आई घरी रांधतील, मी शाळेत जाईन, हे एस.टी. स्टँडवर कंट्रोलरच्या खुर्चीत बसतील. सगळं जागच्या जागी! आणि आई म्हणजे काही साधी असामी नव्हे. येसूबाई म्हटलं की अख्ख्या खोऱ्याला पंगत आठवते. लग्न कुणाच्याही घरचं असो, आमटीला हात येसूबाईंचा.

तर ह्यांनी जेवताना विषय काढला आणि त्या म्हणाल्या, "मी चुलीला हात लावायची नाय. सून असताना मी का म्हनून रांधू? आन् सून शाळंत नि घरात खानावळीचा डबा, ह्ये बी नाय चालायचं."

ह्यांचं आपलं एकच — आईचं मन मोडायला नको.

मग मीही पदर खोचला. म्हटलं, "पितृपक्षातल्या अष्टमीला मामंजींचा म्हाळ आहे. तोवर मुदत द्या. शाळाही करते आणि तुमच्या पानात घरचं जेवणही वाढते. एक दिवस जरी खानावळीचं जेवल्यासारखं वाटलं, तर मी आपण होऊन नोकरी सोडेन."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बघू," म्हणाल्या. बस्स, एवढंच.

बारा दिवस!

१८ सप्टेंबर

बोलून तर बसले. आता निस्तरायला हवं.

पहाटे पाणी, मग केर, धुणं, साडेदहाला शाळा, साडेपाचला घरी. सगळं जेवण पहिल्यापासून रांधायचं तर मला चार हात हवेत. ते नाहीत. तेव्हा डबा येणारच — स्टँडसमोरच्या खानावळीतून, मागच्या दाराने. मी काही "बाहेरचं आणणार नाही" असं बोलले नव्हते. "घरचं वाटेल" असं बोलले होते. शब्दाला पक्की आहे मी!

खानावळीची आमटी म्हणजे पिवळं पाणी. तळाला डाळ आहे की नाही ते चमच्याने शोधावं. ती पातेल्यात ओतली, स्टोव्हवर उकळून थोडी आटवली. दुसऱ्या बाजूला पळीत तेल, पाच पाकळ्या लसूण ठेचून — सोलायच्याही नाहीत, सालासकट — लाल होईतो. मग सुकी मिरची, हिंग. पळी तशीच्या तशी आमटीत बुडवायची आणि झाकण घट्ट! धूर आत कोंडला पाहिजे. दोन आमसुलं. झालं. मोजून आठ मिनिटं.

हे तर दोनदा भात घेऊन जेवले. आईंनी एक घास घेतला, थांबल्या आणि माझ्याऐवजी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "कसं लागतंय रे महिपती?"

"झकास."

"मग हाय बरी." आणि लगेच, "डाळ नीट घोटली नाय. आन् पापड वाजत नाय. सादळलाय."

पापडाचं मला काय सांगतात? भाद्रपदात महाडात पापड सादळणार नाही तर काय होणार!

१९ सप्टेंबर, शनिवार

अर्धी शाळा. बरं झालं.

खडे मिठाच्या बरणीत नुसतं पाणी सुटलंय. कांडायचं म्हटलं तर खलबत्त्याला चिकटून बसतं. ह्यांच्या ओळखीचे एक कंडक्टर आहेत, सहदेव म्हणून, ते मुंबईच्या गाडीवर असतात. त्यांच्याकडून बारीक मिठाचं पुडकं मागवलं होतं, ते आज आलं. काय सुरेख! पिठासारखं भुरभुरीत. चिमटीने टाकावं की विरघळलं. मुरंब्याची रिकामी झालेली काचेची बरणी धुऊन पुसून त्यात भरलं आणि स्टोव्हशेजारी ठेवलं. खड्यांची बरणी तशीच खाली. साखरेचा पितळी डबा वरच्या फळीवर गेला, मुंग्यांमुळे.

आई शेजारी नुरजहाँभाभींकडे बसल्या होत्या. नाहीतर ह्या मिठावरूनही ऐकून घ्यावं लागलं असतं.

२० सप्टेंबर, रविवार

आज साठवणीचा दिवस. चार दिवसांची बेगमी केली.

कांदा स्टोव्हच्या जाळावर भाजला, खोबऱ्याच्या वाट्याही तिथेच काळ्या केल्या, धणे, चार लवंगा, मिरी. पाट्यावर वाटता वाटता खांदे भरून आले. मग हे वाटण तेलात परतत राहायचं, पाण्याचा अंश जाईतो. कडेने तेल सुटलं की गार करून बरणीत. वर तेलाचा थर. चार दिवस त्याला काही होत नाही. आता बाजारची कसलीही रसभाजी आणावी, त्यात एक डाव हे घालावं, एक कढ द्यावा — कुणाची माय व्याली आहे ओळखायला!

(असं मोठ्या बाईंसमोर बोलायचं नाही.)

पौर्णिमा उद्यावर आली, मग पंधरा दिवस म्हाळाचे. म्हणून आजच सुकट उरकून घेतली. कोरडी भाजून, कांदा, कोकम. आईंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा मागितला. कालही ठेचाच. परवाही. डोळ्यांतून पाणी येतं, नाक ओढतात, आणि पुन्हा बोटभर घेतात. माझं केलेलं नको आणि ठेचा हवा! रागच आला. ठेचा काय, कुणीही कुटेल.

२१ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं नाही, पण कागदाला सांगते. आई मुद्दाम करताहेत.

सकाळी दूध स्टोव्हवर ठेवून मी मागे धुणं घालायला गेले. आई तिथेच, स्टोव्हपासून हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होत्या. थोड्या वेळाने नुरजहाँभाभींची हाक — भिंतीपलीकडून! "मास्तरीण! दूध करपतंय गो! वास पार भट्टीपर्यंत आला!" त्यांच्या मालकांची, हारूनभाईंची बेकरी आमच्या मागच्या अंगाला. तिथे पाव भाजत असतात, त्या वासातूनही भाभींना कळलं!

धावत आले तर पातेलं काळं ठिक्कर. आणि आई तांदूळ निवडताहेत. मान वर केली, पातेल्याकडे पाहिलं, आणि चेहरा असा केला की जणू आत्ताच कळलं.

"आई, अहो, इथेच तर होतात!"

"माझं ध्यान नव्हतं गो."

ध्यान नव्हतं! ज्या बाईने पाचशे पानांच्या पंगती वाढल्या तिचं ध्यान नव्हतं. मी हरावं एवढंच ध्यान आहे त्यांना. पण मी हरणार नाही.

२२ सप्टेंबर

शेव आणली, वाटण घातलं, दहा मिनिटांत रस्सा. हे खूष. आई: "शेव मऊ झाली."

२३ सप्टेंबर

हारूनभाईंकडचे कालचे पाव होते. कडक. पाण्याचा हात फिरवला, तवा तापवून त्यावर ठेवले, वर ताट झाकलं. दोन मिनिटांत ताज्यासारखे मऊ. खालची बाजू मुद्दाम जास्त ठेवून कुरकुरीत केली. आत लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी आणि हॉटेलातली बटाट्याची भाजी, पण तिला आधी लिंबू, कोथिंबीर, हिरवी मिरची ठेचून घरी आणलं! होय, भाजीलाही घरी आणावं लागतं. पिशवीतून ती नुसती घरात येते. घरची व्हायला तिला काहीतरी घरचं द्यावं लागतं.

आई हा पाव आवडीने खात होत्या. चक्क आवडीने! डोळे मिटून, कुरूम कुरूम. दीड पाव खाल्ला. मी विचारलं, "आवडलं ना?"

"वाजतोय बरा," म्हणाल्या.

पाव वाजतो! ह्यापुढे मी ताटात टाळच वाढते.

२४ सप्टेंबर

आजचा दिवस माझा!

कशेडी घाटात दरड आली. खाली जाणाऱ्या सगळ्या गाड्या महाडला अडकल्या. स्टँडवर माणसांची दाटी आणि खानावळीत तर पाय ठेवायला जागा नाही — आमचा डबाही आला नाही. त्यात सहा वाजता हे घरी आले ते सहदेव कंडक्टर आणि एका ड्रायव्हरला घेऊन. दोघांच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही. हे माझ्याकडे बघतात, मी ह्यांच्याकडे. आई आमच्या दोघांकडे.

म्हटलं, हीच वेळ. हारूनभाईंकडून पाव. वाण्याकडून शेव आणि स्टँडवरून उकडलेले चणे. वाटणाची बरणी रिकामी केली. चणे वाटणात, वर लसणाची फोडणी, आमसूल, गुळाचा खडा. बाटलीतल्या विकतच्या लोणच्याला गरम तेलात मोहरीची डाळ घालून दिली, की ते आपलं झालं. भात एकीकडे. पाऊण तासात पाच पानं!

सहदेव बोटं चाटत होते. आई त्यांच्या समोर बसल्या आणि विचारत राहिल्या. "मीठ बराबर हाय? आंबाट हाय का? चन्याला गोडी आली?" एकेक गोष्ट खोदून खोदून! त्या माणसाला धड जेवू देईनात. मला वाटलं, आता कुठलं तरी उणं काढतील. पण सहदेव म्हणाले, "मावशी, पोलादपुरात माझ्या बहिणीच्या लग्नात तुमच्या हातची आमटी खाल्ली होती. आज तीच आठवली."

आई एकदम उठल्या. पाणी आणायला जाते म्हणून गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

पोटात दुखलं असेल. माझ्या हाताला त्यांच्या हाताची उपमा दिली ना!

२५ सप्टेंबर

दरड निघाली. मी मात्र आडवी. शाळेत सातवीच्या मुलींना भूगोल शिकवताना सावित्री नदी अरबी समुद्राऐवजी बंगालच्या उपसागराला नेऊन सोडली. मुली हसल्या. मीही हसले.

२६ सप्टेंबर, शनिवार

परवा हे सहज म्हणाले होते, "सगळं छान करतेस. फक्त स्टोव्हवरच्या जेवणाला चुलीचा तो धुरकट वास नाही." सहज म्हणाले, पण मला ते टोचत राहिलं.

आज उपाय सापडला. डब्यातली डाळ पातेल्यात गरम केली. नुरजहाँभाभींनी बेकरीच्या भट्टीतला एक लालबुंद निखारा चिमट्याने आणून दिला. डाळीत मधोमध छोटी वाटी तरंगत ठेवायची, वाटीत निखारा, निखाऱ्यावर चमचाभर तूप. भस्सकन धूर निघाला की झाकण. पाच मिनिटं हात लावायचा नाही. भाभी म्हणाल्या त्यांच्या घरी बिर्याणीला असं करतात. मी खानावळीच्या डाळीला केलं. निखाऱ्याला काय कळतंय!

ह्यांनी झाकण काढलं आणि खोल श्वास घेतला. मग म्हणाले, "आई, अगं वास घे. आपल्या गावच्या घरातला वास आहे हा. तू पहाटे चूल पेटवायचीस ना, तस्साच!" आणि पातेलं आईंच्या नाकापाशी नेलं.

आईंनी पातेल्यावर मान वाकवली. तशाच राहिल्या. मग पातेलं बाजूला सारलं, म्हणाल्या, "मला भूक नाय," आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. जेवल्याच नाहीत.

एवढा दुस्वास! लेकाने बायकोच्या जेवणाला आईच्या चुलीचा वास आहे म्हटलं म्हणून अन्नावरून उठायचं? हे पाठोपाठ गेले, समजूत घातली, परत आले. माझा बाई चढलेला पारा उतरायला तयार नव्हता. वाईटही वाटलं, खोटं का लिहू. म्हातारं माणूस उपाशी झोपलं. पण मी काय चुकले?

२७ सप्टेंबर, रविवार

भाभींना विचारलं, "आई तुमच्याकडे बसतात तेव्हा माझ्याबद्दल काय बोलतात?"

"तुझ्याबद्दल? काय नाय. माझ्या कालवणाबद्दल इचारतात. आज काय केलंस, कसं झालंय, आंबाट का तिखट. मी म्हटलं चाखून बघा, तर नको म्हनतात."

नको म्हणणारच. सुनेचं नको, शेजारणीचं नको. पाच जणांत स्वतःच्याच हाताचा टेंभा.

होकाराचा कागद आज लिहून ठेवला. शाई वाळली. तारीख घातली नाही.

२८ सप्टेंबर

उद्या म्हाळ. सगळं सामान आणून ठेवलं. विकतच्या शेवया आणल्या. घरच्या गावाला राहिल्यात. वड्यांचं पीठ गिरणीतून आणलं. मोठ्या बाईंकडून दुपारनंतरची रजा घेतली आणि सकाळचे दोन तास घेऊन येते असं कबूल केलं. उद्याचा दिवस पार पडला की मुदत संपली, मी जिंकले!

तर संध्याकाळी आई म्हणतात काय — "उंद्याचा सैपाक मी करनार."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तुम्ही? तुम्ही तर चुलीला हात लावणार नव्हतात!"

"त्यांच्या म्हाळाचा सैपाक मीच करायची. धा वरसं केला. ह्या वरशीबी मीच. तू शाळंत जा. कोनी आत यायचं नाय. आन् म्हाळाचं चाखायचं नसतंय, कावळा शिवेस्तवर कोनी जिबंला लावायचं नाय. ठावं हाय ना?"

ठाऊक आहे हो. मीही ह्याच मातीतली आहे.

पण बाराव्या दिवशीच बरा हात लावावासा वाटला! उद्या गावाहून ह्यांचे चुलते, गोमाजीकाका येणार. त्यांच्यासमोर येसूबाईंचा हात दिसला पाहिजे आणि माझी बारा दिवसांची मेहनत झाकली गेली पाहिजे. सगळं कळतंय मला.

२९ सप्टेंबर, अष्टमी

दोनदा निब मोडली. रागाने.

बाराला शाळेतून आले. सैपाक तयार. आमटी, वडे, अळूची भाजी, कारलं, भात, शेवयांची खीर. सगळं कसं देखणं मांडलेलं! खरं सांगते, ते बघून क्षणभर माझा राग गेला. वडे सगळे एका मापाचे, टम्म. आई घामाने निथळत होत्या आणि किती तरी दिवसांनी हसत होत्या. ह्यांनी मागच्या पत्र्यावर पान ठेवलं. कावळा आला, वडा उचलून गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. आईंनी डोळे पुसले.

पानं वाढली. गोमाजीकाकांनी आमटीचा भुरका मारला, "वैनी, त्योच हात!" म्हणाले. खरंच होतं. मग खीर घेतली. घास तोंडात तसाच. माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, गिळला, वर तांब्याभर पाणी प्यायले.

मी वाटीला तोंड लावलं.

मीठ! चिमूटभर नव्हे, साखरेच्या मापाने मीठ! माझी काचेची बरणी पाहिली तर अर्ध्यावर आलेली. साखरेच्या डब्याला हातही लागलेला नव्हता.

आणि आई? वाटी घेऊन बसल्या आणि सगळी खीर खाल्ली! शांतपणे, शेवटच्या चमच्यापर्यंत. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. वर आमच्याकडे एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारतात, "गोड झालीय ना रे? त्यांना गोड लागायची."

"हो आई," हे म्हणाले. "झ्याक," काका म्हणाले. मी वाटी बाजूला सारली.

किती पक्कं केलं असेल त्यांनी मनाशी! माझं ते मुंबईचं बारीक मीठ, माझी मांडामांड, माझी ती झटपट खटपट — काका गावभर सांगणार, येसूबाईच्या सुनेच्या घरी म्हाळाची खीर खारट. आणि कुणी काही म्हणू नये म्हणून स्वतः खाऊन दाखवायची! मरून गेलेल्या नवऱ्याच्या नावाचं अन्न, त्यात असला डाव!

काका चारच्या गाडीने गेले. जाताना मला हळूच म्हणाले, "पोरी, तिला काय बोलू नको हां." का नको बोलू?

३० सप्टेंबर

बोलले.

हे ड्यूटीवर गेले आणि मी बोलले. बारा दिवसांचं सगळं बाहेर आलं. दूध करपवलंत, डाळ लोटलीत, पावाची थट्टा केलीत, सहन केलं. पण मामंजींच्या खिरीत मीठ? मुद्दाम? माझी नोकरी घालवायला?

त्या तांदूळ धूत होत्या. हात पाण्यात तसेच राहिले.

"मीठ?"

"हो, मीठ! वाटीभर!"

"खिरीत मीठ व्हतं?" पुन्हा तेच. मग, "आन् गोमाजी भावजींनी खाल्ली? महिपतीनं खाल्ली?"

"आणि तुम्हीही खाल्लीत! काय शिताफी!"

त्या उठल्या. दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या, मग तिथेच खाली बसल्या. मला तेही नाटक वाटलं. दार आपटून शाळेत गेले.

होकाराचा कागद पिशवीत होता. दिला नाही. का दिला नाही कळत नाही. मी कुणाला भिऊन थांबलेली नाही. उद्या शेवटचा दिवस, उद्या देणार. घरात काय व्हायचं ते होवो.

संध्याकाळी आले तर आईंचं गाठोडं बांधलेलं. "उंद्याच्या सकाळच्या गाडीनं गावाला जाते," एवढंच म्हणाल्या. हे माझ्याकडे बघताहेत. मी बघतेय भिंतीकडे.

१ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी चहाला उठले. आई सैपाकघरात जमिनीवर बसलेल्या, माझ्याकडे पाठ. समोर काचेची बरणी आणि साखरेचा डबा. एकातली चिमूट जिभेवर ठेवत होत्या, मग दुसऱ्यातली. पुन्हा पहिल्यातली.

मागे न बघताच म्हणाल्या, "दोनी सारकंच गो. त्या तापानं समदं नेलं. वास बी नाय, गोड नाय, खारट नाय. तिखट तेवढं झोंबतंय. हाताला बारीक लागली म्हनून साखर समजले. मीठ कदी आसं आसतंय? कुनाला सांगू? येसूबाईची जीब गेली म्हनून? चूल माझ्या हाती दिली आसतीस तर चार दिसांत समद्यांना कळलं आसतं."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. गाठोडं मी सोडलं.

कागद दिला. आज तारखेसह.

संध्याकाळी आमटी आईंनी केली. मी चाखली. "मीठ कमी आहे," म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर खडे मीठ ठेवलं, त्यांनी बोटांनी चुरून बघितलं आणि आमटीत घातलं.

पापड मी भाजले. भाभींकडच्या निखाऱ्यावर, दोन्ही बाजूंनी, चांगले वाजतील असे.